पतसंस्था, बँक आणि ठेवीदाराचे कर्तव्य

सन २०२३ च्या जुलै महिन्यात छत्रपती संभाजीनगर येथील आदर्श महिला नागरी सहकारी पतसंस्थेच्या कारभाराबद्दल पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, आणि सुमारे दोनशे कोटी रुपयांच्या अपहाराचा आरोप ऐकून सारे शहर हादरले. अटका झाल्या, ठेवीदारांचे मोर्चे निघाले, सक्तवसुली संचालनालयाचे छापेही पडले. कोण दोषी व कोण निर्दोष हे न्यायासनाने ठरवावयाचे आहे. तो अधिकार आमचा नव्हे. परंतु त्याच वर्षी याच शहरात घडलेली दुसरी एक गोष्ट हिच्या शेजारी ठेवून पाहिली असता जो बोध होतो, तो सांगणे हे आमचे काम आहे.

आदर्शच्या प्रकरणानंतर दोन महिन्यांच्या आतच, म्हणजे ऑगस्टअखेर, येथील अजिंठा अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये तिचा परवानाही रद्द झाला. म्हणजे संस्था दोन्ही सहकारी, शहर एक, वर्ष एक. दोहोंतही निवृत्त शिक्षकांची पुंजी होती, लहान दुकानदारांची शिल्लक होती, मुलींच्या लग्नासाठी बाजूस ठेवलेली रक्कम होती. पण पुढची गती मात्र एक झाली नाही. बँकेच्या ठेवीदारास विमा महामंडळाकडून पाच लाख रुपयांपर्यंतची रक्कम हक्काने मिळण्याची सोय होती, आणि रिझर्व्ह बँकेने प्रसिद्ध केल्याप्रमाणे शंभरांतील नव्वदांहून अधिक ठेवीदार आपली संपूर्ण रक्कम मिळण्यास पात्र ठरले. पतसंस्थेच्या ठेवीदारापुढे मात्र फिर्याद, जप्ती, लिलाव व न्यायालय हीच लांबलचक वाट उरली. हा फरक नशिबाचा नव्हे. तो 'बँक' आणि 'पतसंस्था' ह्या दोन शब्दांतला आहे, आणि तो आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक होता.

हा फरक एकदा नीट समजून घेतला पाहिजे. १९६० साली लक्ष्मी बँक व पलाई सेंट्रल बँक बुडाल्या, तेव्हा लोकांचा बँकांवरील विश्वास डळमळला. त्यावर उपाय म्हणून १९६२ च्या आरंभापासून ठेवींचा सरकारी विमा सुरू झाला. प्रारंभी त्याची मर्यादा अवघी पंधराशे रुपये होती. १९९३ मध्ये ती एक लाख झाली व फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली. विम्याचा हप्ता बँक भरते. ठेवीदारावर त्याचा भार नाही. २०२१ च्या दुरुस्तीमुळे बँकेवर निर्बंध येताच साधारणपणे नव्वद दिवसांत ही रक्कम देण्याचे बंधनही आले. ही मर्यादा एका ठेवीदारास एका बँकेत, सर्व शाखा मिळून व मुद्दल आणि व्याज धरून आहे, हे व्यापाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. चार शाखांत चार खाती उघडल्याने विमा चौपट होत नाही.

पतसंस्था ही ह्या छत्राखाली नाही. ती महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० अन्वये नोंदलेली असते, आणि तिच्यावर देखरेख रिझर्व्ह बँकेची नसून सहकार खात्याच्या निबंधकांची असते. 'मल्टिस्टेट' म्हणविणारी संस्था तर २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली दिल्लीतील निबंधकांच्या अखत्यारीत जाते. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या ठेवीदारांवर २०२३ च्या अखेरीपासून जे गुदरले, ते मराठवाड्यास निराळे सांगणे नको. सहकारी पतसंस्थांच्या ठेवींस विमा नाही आणि 'बँक' हे नाव लावण्याचा त्यांस अधिकार नाही, असा स्पष्ट इशारा रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिला होता. पण तो गुलमंडीच्या दुकानदारापर्यंत वा सिडकोतील निवृत्त कारकुनापर्यंत किती पोचला? काचेचे दालन, गणवेषातील कारकून, छापील पासबुक आणि रोज दुकानाच्या पायरीशी येणारा ओळखीचा पिग्मी एजंट, एवढ्यावरून लोकांनी बँक ओळखली. ह्या बाह्य खुणा उभ्या करावयास परवाना लागत नाही.

येथे कोणी शहाणा म्हणेल की, जादा व्याजाचा लोभ धरला, त्याचे फळ भोगावे. हा निवाडा आम्हास मुळीच मान्य नाही. बँकेपेक्षा टक्का-दोन टक्के अधिक व्याज मिळते म्हणून कायद्याने नोंदलेल्या, लेखापरीक्षण होणाऱ्या, सरकारी खात्याच्या देखरेखीखालील संस्थेत पैसा ठेवणाऱ्या विधवेस लोभी म्हणणे हा अन्याय आहे. तिची चूक लोभाची नव्हे, तर भेद न जाणण्याची आहे. आणि तो भेद तिला कोणी शिकविला नाही, हा दोष आपणा सर्वांचा आहे.

लोभाचे उदाहरणही आपल्या जिल्ह्यात आहे, आणि ते वेगळे ओळखले पाहिजे. बिडकीन परिसरात औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या कधी न पाहिलेली रक्कम शेतकऱ्यांच्या हाती एकदम आली. त्या पैशावर 'तीस-तीस' नावाच्या योजनेची धाड पडली. दरमहा मोठ्या परताव्याचे आमिष दाखवून रकमा गोळा केल्याबद्दल २०२२ साली गुन्हे नोंदले गेले. येथे नोंदणी नाही, हिशेब नाही, लेखापरीक्षण नाही; होता तो केवळ आरंभी काहींच्या हाती वेळेवर पडलेला पैसा, आणि त्यांची तोंडोतोंडी पसरलेली साक्ष. अशा योजनेत पहिल्यास मिळणारे व्याज हे दुसऱ्याचे मुद्दल असते, आणि नवीन माणसे येण्याचे थांबले की सारा डोलारा एका रात्रीत कोसळतो.

अशा ठिकाणी कायद्याचे ज्ञानही लागत नाही. शाळेत शिकलेले चक्रवाढ व्याज पुरे आहे. कोणी दरमहा शेकडा दहा देऊ म्हणाला, तर एक लाखाचे वर्षाअखेर तीन लाखांहून अधिक, दोन वर्षांनी सुमारे पावणेदहा लाख व तीन वर्षांनी तीस लाखांवर गेले पाहिजेत. कापसाच्या, सरकीच्या, किराण्याच्या वा कापडाच्या कोणत्या धंद्यात इतका नफा सुटतो, हे शहागंजातील कोणत्याही व्यापाऱ्याने आपल्याच चोपडीस विचारावे. ज्याला स्वतःच्या दुकानात शेकडा पंधरा वर्षास सुटल्यास दिवाळी वाटते, त्याने परक्याच्या तोंडून महिन्यास दहा ऐकून माना डोलवाव्या, ह्यास काय म्हणावे?

तेव्हा रोग दोन आहेत व त्यांस औषधेही दोन पाहिजेत. एकास गणित शिकविले पाहिजे, दुसऱ्यास संस्थेचे स्वरूप ओळखण्यास शिकविले पाहिजे. लोकहितवादींनी १८४९ साली 'लक्ष्मीज्ञान' लिहून संपत्तीचे शास्त्र मराठीत आणले, त्यास पावणेदोनशे वर्षे लोटली; तरी मुलगा पदवीधर होऊन घरी येतो तो बापाच्या ठेवपावतीवरील नोंदणी क्रमांकाचा अर्थ न कळता. घरातील स्त्रियांची स्थिती तर याहून शोचनीय. पैसा त्यांच्या काटकसरीने साठतो, खाते पुष्कळदा त्यांच्या नावावर असते, पण पावती कोणत्या संस्थेची व मुदत केव्हाची हे त्यांस पुरुष मरण पावल्यावर कळते. ज्या स्त्रीची सही घेतली जाते, तिला कागद वाचून दाखविला जावा, एवढी सुधारणा तरी प्रत्येक घराने आजच करावी. तिला सरकारी ठरावाची गरज नाही.

ह्याचा अर्थ सारा भार ठेवीदारावर टाकून सरकारने मोकळे व्हावे असा कोणी करू नये. १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा राज्याचा कायदा आहे. त्यान्वये मालमत्ता जप्त होतात व विशेष न्यायालय बसते. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने विनानियमन ठेवी गोळा करण्यास देशभर बंदी आहे. परंतु हे बहुतांशी आग लागल्यावरचे बंब आहेत. पतसंस्थेच्या लेखापरीक्षकाची नेमणूक सरकारी नामिकेतून, पण संस्थेच्याच वार्षिक सभेत होते. ज्याचा हिशेब तपासावयाचा त्यानेच तपासनीस निवडावा, ही रीत कितपत सुरक्षित आहे ह्याचा सहकार खात्याने विचार करावा. कर्ज देणाऱ्या संचालकांच्या नातलगांस व त्यांच्याच पेढ्यांस किती रक्कम गेली, हे सामान्य ठेवीदारास कळेल अशा भाषेत दरवर्षी संस्थेच्या दारावर लागावे. आणि बँकेच्या ठेवीदारास जसे ठरलेल्या मर्यादेपर्यंत, ठरलेल्या मुदतीत, हक्काचे संरक्षण आहे, तसे पतसंस्थेच्या ठेवीदारास देण्याची योजना संस्थांच्याच अंशदानातून उभी करावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे. सहकाराची चळवळ १९०४ च्या कायद्यापासून सावकारी पाशातून रयतेस सोडविण्यासाठी ह्या देशात आली. त्याच सहकाराच्या नावाने रयत नागविली जाऊ लागली, तर प्रामाणिकपणे चाललेल्या शेकडो पतसंस्थांचीही पत जाईल. म्हणून ही मागणी पतसंस्थांच्या विरुद्ध नसून त्यांच्या हिताची आहे.

तोवर प्रत्येकाने पैसा ठेवण्यापूर्वी चार प्रश्न विचारावे. ही संस्था बँक की पतसंस्था, आणि बँक असल्यास तिच्या ठेवी विम्याच्या यादीत आहेत काय? देखरेख कोणाची? मला देऊ केलेले व्याज कोणत्या धंद्यातून निघणार? आणि मी पूर्ण सभासद की केवळ नाममात्र? हा शेवटचा प्रश्न सर्वांत दुर्लक्षिलेला आहे. अनेक ठेवीदार नाममात्र सभासद असतात. त्यांस मताचा अधिकार नाही, आणि ही गोष्ट त्यांच्या ध्यानीही नसते. पूर्ण सभासदास मत आहे, संस्थेचा ताळेबंद पाहण्याचा हक्क आहे, आणि ३० सप्टेंबरपूर्वी व्हावयाच्या वार्षिक सभेत उभे राहून विचारण्याचा अधिकार आहे. पण सभेचा अनुभव काय? कोरम अभावी तहकूब, मग अर्ध्या तासाने चहा, टाळ्या व सर्व ठराव एकमताने मंजूर! जेथे कोणी प्रश्न विचारीत नाही, तेथे प्रामाणिक संचालकही हळूहळू सैल होतो. अप्रामाणिकाची तर गोष्टच नको. संशय आल्यास रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' ह्या संकेतस्थळावर व जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करता येते. ती पैसे अडकल्यावर नव्हे, तर संशय येताच करावी.

ओळखीच्या माणसास पावती मागणे वा हिशेब विचारणे हे आपल्याकडे अजून अविश्वासाचे, किंबहुना असभ्यपणाचे लक्षण मानले जाते. ही समजूत टाकून दिली पाहिजे. व्यापारी भावाभावांत चोपडी ठेवतो ती भाऊ चोर आहे म्हणून नव्हे. दोघांचे नाते टिकावे म्हणून. जो संचालक तुमच्या प्रश्नाने रागावतो, त्याच्या रागातच तुम्हास उत्तर मिळाले असे समजावे, आणि ठेवीची मुदत संपताच ती तेथून उचलावी. जो ताळेबंद पुढे करतो, त्याचे आभार मानून तो घरी नेऊन वाचावा.