लेन्स घेण्याआधी जुने फोटो उघडा

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस मला एकाच धाटणीचे फोन येतात. "काका, बोनस झालाय. किट लेन्सचा कंटाळा आलाय. पुढची कोणती घेऊ?" मी काही व्यावसायिक फोटोग्राफर नाही. आठवडाभर नोकरी करून रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवणारा माणूस. पण गेल्या पंधरा-सोळा वर्षांत स्वतःच्या खिशातून तीन लेन्स चुकीच्या घेतल्यात, आणि या विषयावर बोलायला तेवढी पात्रता पुरावी.

मी उलट विचारतो, "तुझे कुठले फोटो बिघडतात?" यावर बहुतेक जण गप्प होतात. लेन्सची परीक्षणं त्यांनी रात्र रात्र जागून पाहिलेली असतात, पण स्वतःचे फोटो मात्र कार्डातून कॉम्प्युटरवर टाकले त्या दिवसानंतर उघडलेले नसतात. तेव्हा माझं सांगणं एवढंच, की आधी ते उघडा. कोणती लेन्स घ्यायची याचं उत्तर बहुतेक वेळा त्या फोल्डरमध्येच पडलेलं असतं.

फोटो कुठल्या फोकल लेंग्थला काढला, ॲपर्चर किती होतं, शटर किती, आयएसओ किती, हे कॅमेरा प्रत्येक फाइलमध्ये लिहून ठेवतो. विंडोजमध्ये फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या तरी दिसतं. लाइटरूम किंवा फुकट मिळणारं डिजिकॅम असेल तर वर्षभराचे फोटो एकदम गाळून बघता येतात. मात्र सगळे बघत बसू नका. जे तुम्हाला आवडले आणि जे बिघडले म्हणून मन खट्टू झालं, असे दोन्ही मिळून शे-दोनशे घ्या.

गेल्या वर्षी माझा भाचा असाच आला. त्याला ७०-३०० हवी होती. कारण विचारलं तर म्हणाला, "मामा, भिगवणला फ्लेमिंगो फार लांब दिसले." त्याचा लॅपटॉप उघडून दोघं बसलो. भिगवणचे फोटो एका रविवारचे. बाकी सगळं वर्ष त्याची दोन वर्षांची लेक! अंघोळीनंतर टॉवेलात गुंडाळलेली, आजीच्या मांडीवर, भिंतीवर खडूने रेघोट्या मारताना. आणि त्यातले निम्म्याहून जास्त फोटो हललेले. एक उघडून पाहिला. संध्याकाळ, ट्यूबलाइटचा उजेड, ३५ मिमी, एफ ४.५, शटर सेकंदाचा पंधरावा भाग, आयएसओ ३२००. पोरगी हसतेय, पण हसू पुसल्यासारखं दिसतंय. तो म्हणाला, "पण लेन्समध्ये व्हीआर आहे की!" व्हीआर असो, आयएस असो, ते आपला हात थरथरला तर सावरतं. समोरचं मूल हाललं तर त्याला काहीही करता येत नाही. तिथे उजेडच जास्त आत यायला हवा.

उजेडाचा हिशोब सोपा आहे. एफच्या पुढचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. ४.५ ला १.८ ने भागा आणि आलेल्या उत्तराचा वर्ग करा: सव्वासहा. म्हणजे एफ १.८ ची लेन्स त्याच खोलीत, त्याच ट्यूबलाइटखाली सव्वासहा पट उजेड आत घेते. शटर पंधराव्या भागावरून नव्वदाव्या भागाच्या आसपास जातं. दुडूदुडू धावणारं मूल तरीही हलेल, पण बसून खेळणारं सापडेल. भाच्याला ७०-३०० नको होती, ३५ मिमी एफ १.८ हवी होती. त्याचा कॅमेरा निकॉन डी५६००. निकॉनने क्रॉप सेन्सरसाठी अशी ३५ मिमी २००९ मध्येच काढली आहे आणि ती वापरलेली सहज मिळते.

मग पन्नासची का नाही? "पहिली फिक्स लेन्स म्हणजे पन्नास" असं सगळेच सांगतात. ५० मिमी एफ १.८ स्वस्त, हलकी आणि काच उत्तम, यात वाद नाही. कॅननची ईएफ माउंटवाली तर जेमतेम १६० ग्रॅमची आहे. हेन्री कार्तिए-ब्रेसाँने बहुतेक आयुष्य पन्नासवर काढलं, हेही खरं. पण त्याच्या लायकात ३५ मिमीची फिल्म होती, म्हणजे आजच्या भाषेत फुल फ्रेम. आपल्यातल्या बहुतेकांकडे क्रॉप सेन्सर असतो. त्यावर पन्नासची दृष्टी निकॉनवर ७५ सारखी आणि कॅननवर ८० सारखी अरुंद होते. साडेपाच फुटी माणूस उभ्या फ्रेममध्ये डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचा तर बारा-तेरा फूट मागे जावं लागतं. आपल्या वन बीएचकेचा हॉल केवढा असतो? दहा बाय बारा. त्यात सोफा, टीव्हीचं युनिट आणि बारशाला जमलेल्या आत्या-मावश्या. तुम्ही पाठीने भिंत ढकलत असाल आणि फ्रेममध्ये फक्त पाळण्याची दोरी येईल. पस्तीसला तेच काम आठ-नऊ फुटांत होतं. उलट तुमचा जीव चेहऱ्यांत असेल, गच्ची किंवा अंगण हाताशी असेल, तर क्रॉप सेन्सरवरही पन्नास छानच. पहिल्या फिक्स लेन्सवर दहा ते वीस हजारांपेक्षा जास्त घालवू नका.

एफ १.८ हातात आली की पहिले दोन महिने सगळेच तिथे अडकतात, मीही अडकलो होतो. मागचं सगळं ब्लर, म्हणजे फोटो भारी! क्रॉप कॅमेऱ्यावर पन्नासने एक मीटरवरून एफ १.८ ला फोटो काढलात, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटरचा असतो. डोळा कुरकुरीत, कान मऊ. एकट्या चेहऱ्याला हे शोभतं. पण आजी-आजोबा शेजारी बसलेत आणि आजोबा जरा मागे सरकलेत, तर त्यांचा फोटो गेला. ग्रुप असेल तर निदान एफ ४, ५.६ वर जा.

भाच्याच्या बाबतीत आणखी एक गंमत होता होता राहिली. ऑफिसातले एक जण त्याला जुनी ५० मिमी एफ १.८ डी फार स्वस्तात देत होते. ती त्याच्या कॅमेऱ्याला बसली असती, पण ऑटोफोकस झाला नसता. निकॉनच्या एएफ-डी लेन्समध्ये मोटर नसते, ती बॉडीत असावी लागते, आणि डी३५००, डी५६०० या घराण्यातल्या बॉडींत ती नाही. लेन्स टक् करून बसली म्हणजे चालली असं समजू नका. कॅननचा आरएफ आणि निकॉनचा झेड हे मिररलेसचे माउंट २०१८ चे. जुन्या डीएसएलआरच्या लेन्स त्यांना ॲडॉप्टर लावून चालतात, पण एएफ-डीला तिथे निकॉनच्या स्वतःच्या ॲडॉप्टरवरही ऑटोफोकस मिळत नाही. हे सगळं पैसे देण्याआधी बघायचं.

आता लांबच्या लेन्सचं. ही हौस सगळ्यात महाग आणि सगळ्यात जास्त फसवणारी. भिगवणला उजनीच्या पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, तिथे पहाटेच्या होडीतून ३०० मिमीलाही समाधानकारक फोटो मिळतात. पक्षी मोठा, थवा मोठा, आणि नावाडी जाणता असेल तर पक्षी बिचकणार नाहीत एवढ्याच अंतरावर तो होडी थांबवतो. खंड्या किंवा शिंजीर फ्रेमभर हवा असेल तर मात्र ४००, ६०० लागते. १५०-६०० चे वजन दोन किलोच्या आसपास, किंमत लाखाच्या घरात. दोन किलो म्हणजे किती, ते कळायला दुकानात पाच मिनिटं हातात धरून पुरत नाही. सकाळी सहा ते नऊ माळावर हिंडून या, मग बोला. वर्षातून एकदा ताडोबा आणि एकदा भिगवण एवढंच जाणार असाल, तर ही लेन्स विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. पुण्या-मुंबईत ओळखपत्र आणि डिपॉझिटवर दिवसाच्या हिशोबाने लेन्स मिळतात. दोन दिवस वापरलीत की घ्यावी की नाही, हे परीक्षणांपेक्षा तुमचा खांदाच नीट सांगेल.

वाइड लेन्सबद्दल एक गैरसमज फार आहे, की तिच्यात "जास्त मावतं". मावतं, पण सगळं लहान होऊन मावतं. पहिल्यांदा दिवे घाटात वारी टिपायला गेलो तेव्हा १० मिमीवाली झूम लावून मी कठड्यावर उभा राहिलो होतो. घरी येऊन पाहतो तर वर अर्धं आभाळ, खाली अर्धा रस्ता आणि मध्ये मुंग्यांची रांग. दुसऱ्या वर्षी तीच लेन्स घेऊन खाली दिंडीत शिरलो. तुळस डोक्यावर घेतलेल्या मावशी माझ्यापासून दोन हातांवर होत्या, आणि मागे वळणावळणाने चढत येणारा सगळा घाट. वाइड लेन्स जवळ जाणाऱ्या माणसाची आहे. अनोळखी माणसाच्या जवळ जायला, दोन शब्द बोलायला, "माउली, एक फोटो घेऊ का?" म्हणायला तुम्ही संकोचत असाल तर ती कपाटात पडून राहील. घाटातली वळणं वरून हवी असतील तर तिथे झूमच लागते, आणि त्याला किट लेन्सचं ५५ टोकही बऱ्यापैकी पुरतं.

काससाठी मॅक्रो हवी, असंही ऐकतो. सप्टेंबरात पठारावर सीतेची आसवं फुलतात, नखाएवढं निळं-जांभळं फूल. मिकी माउस म्हणतात ती पिवळी स्मिथियाही तशीच चिमुकली. इथे मॅक्रोचा मोह होणारच. पण साधी १८-५५ पंचवीस सेंटीमीटरपर्यंत फोकस करते, हे किती जणांनी करून पाहिलंय? ५५ वर लावा, जितकं जवळ जाता येईल तितकं जा, मग सांगा. त्याहून जवळ जायचं असेल तर पन्नासच्या मागे २५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब लावून फूल सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराच्या निम्म्याहून मोठं उमटतं, आणि ट्यूबमध्ये काच नसल्याने ती स्वस्त असते. घेताना कॉन्टॅक्ट असलेली घ्या, नाहीतर ॲपर्चर बदलता येणार नाही. आणि कासवर ठरलेल्या वाटेवरूनच चाला. एका फुलासाठी पोटावर आडवं पडून शेजारची पन्नास फुलं चिरडणारे महाभाग मी पाहिलेत, लाख-लाखाच्या लेन्सवाले!

माझ्या तीन चुकांपैकी सगळ्यात ठळक म्हणजे १८-२००. एकाच लेन्समध्ये सगळं, बदलायची कटकट नको, म्हणून घेतली. धुळीत-पावसात लेन्स बदलायची नाही ही सोय खरीच मोठी, आणि नुसतं प्रवासाला जाणाऱ्याला मी आजही ती नको म्हणणार नाही. पण माझे बिघडणारे फोटो उजेडाअभावी बिघडत होते, गणपतीत रात्री अकरा वाजता रोषणाईखालचे. तिथे ही लेन्स किट लेन्सइतकीच आंधळी. तिने माझी पोहोच वाढवली आणि दुखणं तसंच ठेवलं. वर तिला मी चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली. दोन पावसाळे गेल्यावर टॉर्च मारून पाहिलं, तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. साफ करायला जो खर्च सांगितला, त्यात दुसरी वापरलेली पन्नास आली असती.

वापरलेली लेन्स घेताना हीच टॉर्च सोबत न्या. मागून उजेड टाकून पुढून बघा, मग उलट करून बघा. बारीक धूळ चालते, जाळं चालत नाही. पुढच्या काचेवर एखादा ओरखडा असेल तर त्याची फार भीती बाळगू नका. मागच्या काचेवरचा फोटोत दिसतो. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल नको. आपलाच कॅमेरा लावून दहा-वीस फोटो काढा आणि घरी मोठे करून बघितल्यावरच पैसे द्या. नवीन घेताना पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी नसलेला ग्रे मार्केटचा माल स्वस्त पडतो, पण दुरुस्तीची वेळ आली की हिशोब फिरतो.

यादी उघडून बसण्याआधी एक रविवार असा काढा. किट लेन्स ३५ वर फिरवून रिंगला चिकटपट्टी लावा आणि दिवसभर तशीच वापरा. पुढच्या रविवारी ५०. कुठल्या दिवशी जास्त चिडचिड झाली, ते लिहून ठेवा. फुकटात होणारी परीक्षा आहे. आणि फोटो तपासल्यावर काहीच अडत नाही असं दिसलं, तर काहीच घेऊ नका. बोनस एसटीच्या आणि होडीच्या भाड्याला ठेवा.

भाच्याने शेवटी वापरलेली ३५ घेतली. लेकीचे फोटो आता हलत नाहीत. भिगवणला गेला तेव्हा दोन दिवसांसाठी माझी ७०-३०० घेऊन गेला आणि सोमवारी पुसून परत आणून दिली.

तेच सगळ्यांना सांगतो. तुमच्या कपाटात वर्षभर न लावलेली एखादी लेन्स असेलच. बुरशीला अंधार, ओल आणि हात न लागणं, तिन्ही आवडतं. तेव्हा रोजच्या लेन्स झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, आणि ही न लागणारी मेच्या आत बाहेर काढून शिकणाऱ्या एखाद्या पोराला पावसाळाभर वापरायला द्या.