बागेतलं हितगुज : थंडीत तांबडा होणारा पाषाणभेद



या आठवड्यात सांगलीच्या एका भगिनींचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी लग्न होऊन इंग्लंडात, यॉर्कशायरमध्ये गेली. पदरी वर्षाचं मूल, जावई दिवसभर कामावर. "नोव्हेंबरपासून खिडकीबाहेर नुसता काळा चिखल दिसतो, चार वाजता अंधार पडतो, बाई. फोनवर लेक गप्प गप्प असते. माहेरची तुळस आणि मोगरा पुढच्या खेपेला तिला नेऊन देऊ का?" असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, तुमचा जीव तुटतो ते समजतं. पण आधी स्पष्ट सांगते. रोपं, मुळं, फांद्या पिशवीत घालून नेऊ नका. रोग-किडींच्या भीतीमुळे तिथे सरकारी प्रमाणपत्राशिवाय झाडं आणू देत नाहीत. विमानतळावर काढून घेतील ते निराळंच. शिवाय तुळस आणि मोगरा दोन्ही उन्हातली लेकरं. तिथल्या हिवाळ्यात बाहेर ठेवली तर पहिल्याच दहिवरात काळी पडतील. लेकीला आधीच उदास वाटतंय, त्यात माहेरची तुळस डोळ्यांदेखत गेली तर काय होईल, सांगा बरं!

त्यापेक्षा तिथल्याच मातीत रुजणारं, जमीन झाकणारं आणि थंडीत आणखी देखणं होणारं एक झाड सुचवते. त्याचं नाव बर्जेनिया. आणि गंमत अशी, की ते अगदीच परकं नाही. आपल्या हिमालयात, शिमला-नैनिताल भागात खडकांच्या फटींतून त्याची एक जात उगवते. तिलाच आयुर्वेदात पाषाणभेद म्हणतात. खडक फोडून आल्यासारखी दिसते, म्हणून हे नाव. ज्या कुळात हे झाड मोडतं, त्या कुळाचं नाव आलं आहे सॅक्सिफ्रागा या लॅटिन नावावरून, आणि त्याचाही अर्थ 'दगड फोडणारी'. दोन दूरच्या भाषांना एकच गोष्ट सुचली!

(मात्र आपल्याकडे पानफुटीलाही कुणी कुणी पाषाणभेद म्हणतात. ते झाड वेगळं. आणि बागेतल्या बर्जेनियाचा काढा मूतखड्यावर म्हणून घरच्या घरी कुणी करू नये. औषध वैद्यांना विचारूनच.)

दिसायला कसं? ठेंगणा, बाळसेदार अळू डोळ्यांसमोर आणा; फक्त पान जाड, चकचकीत आणि वाटोळं. इंग्रज लोक त्याला 'हत्तीचे कान' म्हणतात. त्याचं आणखी एक नाव आहे 'डुकराची चीं'. ओल्या बोटांनी पान चोळलं की चींचीं आवाज येतो. नातवाला खिदळवायला एवढं पुरे आहे! मार्च-एप्रिलमध्ये तांबूस दांड्यांवर गुलाबी फुलांचे झुबके येतात. पण आपल्याला हवी ती पानं. थंडी पडू लागली की ती बिटासारखी, जांभळट तांबडी होतात आणि वसंतात पुन्हा हिरवी. पान आजारी पडलं असं समजून पुष्कळ जणी ती खुडून टाकतात. तसं करू नये. थंडीत पानात एक तांबडं द्रव्य तयार होतं, त्याचा तो रंग. सायबेरियातून आलेल्या जाती तर उणे वीस अंशांतही तग धरतात.

आता माझीच फजिती सांगते. मुलाकडे बर्मिंगहॅमला मी सहा महिने राहिले, तेव्हा हौसेनं हे झाड लावलं. आपला स्वभाव कसा, जरा लाड करावेत. भिंतीच्या सावलीत जागा दिली, भरपूर खत घातलं, रोज पाणी. पानं सुपाएवढी झाली आणि सबंध हिवाळा हिरवीगार राहिली! रंगाचा पत्ता नाही. शेजारच्या आजीबाईंकडे मात्र पायरीजवळच्या खडकाळ मातीत, कुणी न विचारता, तेच झाड लालबुंद. त्यांनी मला हसत सांगितलं, "ऊन दे आणि उपाशी ठेव." तेव्हा कळलं. सावलीत हे झाड जगतं, पण रंग हवा तर ऊन, थंडी आणि जेमतेम जमीन लागते.

तेव्हा लेकीला असं कळवा :

जागा : हिवाळ्यात दुपारी बारा वाजता ऊन कुठे पडतं ते आधी दोन-तीन दिवस बघायचं. तिथे हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेला अगदी खाली असतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारी जागा मिळाली तर फारच उत्तम. भांडी घासताना नजर तिथे जाते. पाणी साचणारी जागा मात्र नको.

वेळ : सप्टेंबर-ऑक्टोबर, नाहीतर मार्च-एप्रिल.

अंतर : दोन रोपांत साधारण 40 सेंटिमीटर. दोन मीटर लांबीच्या वाफ्याला एका ओळीत पाच रोपं पुरतात. दोन-तीन वर्षांत जमीन झाकली जाते आणि तणही कमी होतं.

जात : रोपवाटिकेत 'ब्रेसिंगहॅम रुबी' किंवा 'एरिक स्मिथ' मागावी. दोन्ही थंडीतल्या रंगासाठी नावाजलेल्या आहेत.

लावणी : जमीन खुरप्यानं भुसभुशीत करून मूठभर कंपोस्ट मिसळायचं, जास्त नको. मुळाचा जाड आडवा कंद मातीत आणि पानांचा झुबका जमिनीलगत राहील असं लावायचं. पहिल्या उन्हाळ्यात माती कोरडी पडली की पाणी, पुढे फारसं लागत नाही.

देखभाल : वसंतात वाळकी पानं आणि फुलं ओसरली की दांडे काढायचे. चार-पाच वर्षांनी मधला भाग उघडा पडला, की झाड उपटून तुकडे करून पुन्हा लावायचं.

कीड : पानांच्या कडा कुणीतरी चिमटीनं कुरतडल्यासारख्या दिसल्या, तर तो काळ्या सोंड्याचा उद्योग. तो रात्री बाहेर येतो. बॅटरी घेऊन जायचं आणि वेचायचं. त्याच्या अळ्या मुळं खातात, त्या जास्त वाईट. झाड हलकेच ओढल्यावर सैल लागलं तर मुळं तपासावीत. पाण्यात कालवून घालायचे उपयुक्त सूक्ष्म कृमी तिथे विकत मिळतात.

आणि ताई, आता खरी गोष्ट. पाचही रोपं विकत घ्यायची गरज नाही. हे झाड त्या देशात घरोघरी आहे. गर्ट्रूड जीकिल या नामवंत बागकामवाल्या बाईंनी (1843-1932) वाफ्यांच्या कडेला ते आवर्जून लावलं. लेकीनं मुलाला घेऊन गल्लीत एक फेरी मारावी, जिच्या दारात हे झाड दिसेल तिचं दार ठोठवावं आणि फुलं ओसरल्यावर एक तुकडा मिळेल का, असं विचारावं. पानांचा एक झुबका आणि त्याच्याखाली दहा-पंधरा सेंटिमीटर कंद, एवढा तुकडा पुरतो. बाहेरची मोठी पानं काढून दोन-तीनच ठेवायची, म्हणजे तो लवकर जीव धरतो.

परभाषेत परक्या बाईच्या दारात उभं राहणं किती अवघड, ते मला ठाऊक आहे. बर्मिंगहॅमला मला तीन आठवडे लागले होते. पण झाडाबद्दल विचारलं की बोलायला विषय मिळतो. आजीबाईंशी माझी ओळख त्याच पायरीवर झाली. तुकडा मिळालाच, वर चहाही.

संक्रांत तर ऐन जानेवारीत. तेव्हा पानं रंगानं भरात असतात. चार तांबडी पानं खुडून पाण्यात ठेवली तर बरेच दिवस टिकतात. हळदीकुंकवाच्या तबकाजवळ मोठी शोभा येते. त्या दिवशी शेजारणीलाच तिळगूळ द्यायला बोलवावं!

आपल्या पुण्या-सांगलीच्या भगिनींना मात्र सांगते, या झाडाच्या नादी लागू नका. आपला एप्रिल-मे त्याला सोसायचा नाही. जांभळ्या पानांची ट्रेडस्कॅन्शिया किंवा ऱ्हिओ लावा. कडक उन्हात दोन्ही छान रंगतात. छाटणी करताना चीक अंगाला लागू देऊ नका, खाज सुटते.

सांगलीच्या ताई, तुळशीचं म्हणाल तर लेकीनं तिथेच कुंडीतलं रोप शोधून खिडकीच्या आत उजेडात ठेवावं. पण बाहेरच्या मातीत हात घालायला तिला या महिन्यातच सांगा. पुढच्या थंडीत फोनवर काय बोलली, ते आम्हांला जरूर कळवा.

पुढच्या अंकी : कुंडीतल्या कढीपत्त्याची पानं पिवळी का पडतात?

— तुमची बागवाली ताई