म्हाळसा महालाच्या पलीकडे

दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जाणाऱ्या गर्दीत मी असते. पहाटेपासून बाया येतात. डोक्यावर फेटे, कडेवर लेकरे. लखुजीराव जाधवांच्या राजवाड्याच्या उंच दरवाजातून आत शिरून म्हाळसा महालाकडे जाणारी रांग सरता सरत नाही. १५९८ साली जिजाऊंचा जन्म झाला ती ही जागा. तिथे डोके टेकवायचे आणि बाहेर पडायचे. बहुतेकींसाठी राजवाडा एवढाच असतो. म्हणजे जन्माची खोली, आणि पुढे ज्यांच्या आई झाल्या त्यांचे नाव.

मला वाटते, आपण या वाड्याकडे नीट पाहिलेलेच नाही.

जवळच रंगमहाल आहे. रंगपंचमीला जमलेल्या मंडळींसमोर लखुजींनी लहानग्या जिजाऊ आणि शहाजींकडे पाहून "जोडा शोभतो" असे थट्टेने म्हटले आणि मालोजींनी तो शब्द धरून ठेवला, ही गोष्ट इथे कोणीही सांगेल. गोष्ट खरी की खोटी, यावर विद्वान भांडोत. चारशे वर्षे ती कौतुकाने सांगितली जाते आणि त्या मुलीला काय वाटले हे त्यात कुठेच येत नाही, मला खटकते ते हे. बालविवाह थांबवायला गेलो की आजही "शब्द दिलाय, आता मागे कसे फिरायचे" हेच ऐकायला मिळते.

पुढची हकीकत फारच कमी बायांना ठाऊक असते. खंडागळ्यांचा हत्ती बिथरला, त्यावरून जाधव आणि भोसले यांच्यात तलवारी निघाल्या. जिजाऊंचे भाऊ दत्ताजी त्यात पडले आणि सासरकडचे संभाजीही पडले. माहेर आणि सासर यांच्या वैरात बाईने रडायचे तरी कोणासाठी? मग २५ जुलै १६२९ रोजी निजामशहाने देवगिरीच्या किल्ल्यात लखुजींना, त्यांच्या दोन मुलांना आणि एका नातवाला दगा देऊन मारले. लखुजींच्या पत्नी उरलेली माणसे घेऊन सिंदखेडला परतल्या, असे सांगतात. या वाड्यात तेव्हा किती विधवा एकदम झाल्या असतील? त्यांच्या नावांची पाटी कोणी शोधायची? जिजाऊ त्या वेळी गरोदर होत्या, सहासात महिन्यांनी शिवाजीराजे जन्मले.

२०२४ साली लखुजींच्या समाधीजवळ उत्खननात शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती निघाली. वर्तमानपत्रांत मोठमोठे फोटो आले. त्यातही लक्ष्मी पाय चेपतच बसलेली आहे. असो.

मला मुख्य बोलायचे आहे ते कुंकवाबद्दल. १६६४ च्या जानेवारीत शहाजीराजे वारले. जिजाऊ सती निघाल्या होत्या, राजांनी गळ्याला मिठी घालून त्यांना परावृत्त केले, असे सभासदाच्या बखरीत आहे. त्यानंतर त्या दहा वर्षे जगल्या. १६६६ साली राजे आग्र्याला गेले तेव्हा मागे राज्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि १७ जूनला पाचाडला देह ठेवला. राज्य सांभाळले ते एका विधवेने. आणि १२ जानेवारीला तिच्या नावाने जमलेल्या आपण, दोनच दिवसांनी संक्रांत लागली की हळदीकुंकवाला विधवा शेजारणीला बोलावत नाही!

एका गावात आमच्याच गटातली, नवरा गेलेली एक बाई वाड्याला जायला सगळ्यांच्या पुढे होती. घोषणा तिचीच, आवाजही तिचाच. परतल्यावर बचत गटाच्या हळदीकुंकवात ती भांडी घासत बसलेली दिसली. मी विचारले तर म्हणाली, "ताई, ताट माझ्यापाशी येऊन थांबतं, मग बायांनाच अवघड होतं."

पूर्वी मी हळदीकुंकवाला हसत असे. हे बंदच करा म्हणत असे. आता म्हणत नाही. बायांना एकत्र बसायला गावात दुसरी जागाच कुठे आहे? तेव्हा ते मोडण्यापेक्षा त्याचा दरवाजा उघडावा, असे माझे मत झाले आहे. काही मैत्रिणींना ही तडजोड वाटेल, त्यांनी जरूर लिहावे.

हे काही परक्यांकडून शिकायचे नाही. आपल्याच जिल्ह्यात, बुलढाण्याच्या कचेरीत हेडक्लार्क असलेल्या बापूजी हरी शिंद्यांच्या लेकीने, ताराबाईंनी, १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. निमित्त होते सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याचे. एकाच चुकीची शिक्षा बाईलाच का, हा तिचा सवाल. ते पुस्तक १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापले म्हणून आपल्या हाती आले. आणि शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनानेही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसे करायला सांगितले. परिपत्रक आले, तुमच्या ग्रामसभेत ठराव वाचला गेला का? मी सहा गावांत विचारले. एका ठिकाणी सरपंचबाई म्हणाल्या, "कागद आला असेल, बघते."

येत्या १२ जानेवारीला आमचा गट पुन्हा वाड्यावर जाणार आहे. म्हाळसा महालातून बाहेर आल्यावर दरवाजापाशीच तिळगूळ वाटायचा ठरला आहे, आणि ताट त्या भांडी घासणाऱ्या बाईच्या हातात असेल. तिने अजून हो म्हटलेले नाही. सासूला विचारून सांगते म्हणाली आहे.