द्राक्षमळ्याचा धनी आणि मोबाइलमधला मुकादम



मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रवचनात भर असतो तो देवाच्या कृपेवर, आणि ते योग्यच आहे. पण त्या दाखल्यात एक बाजारही आहे. कामाची वाट पाहत उभी राहिलेली माणसे तिथे आहेत.

तो बाजार आज बडोद्यात पाहायचा असेल, तर संध्याकाळी फतेहगंज किंवा अलकापुरीतल्या एखाद्या हॉटेलबाहेर थांबा. झोमॅटो, स्विगीचे टी-शर्ट घातलेली मुले गाडीवर बसून मोबाइलकडे डोळे लावून असतात. त्यातली काही आपल्याच मंडळीतली आहेत. गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचे, मे महिन्यातले ऊन त्यांचे. पैसे मिळतात ते मुख्यतः पोहोचवलेल्या ऑर्डरचे. दोन ऑर्डरींच्या मधला ताटकळण्याचा वेळ कुणाच्याच हिशेबात नसतो.

दाखल्यातला धनी बाजारात स्वतः जातो, तेही दिवसातून पाच वेळा. दिवस मावळायला आला तरी उभे असलेल्यांना तो आळशी ठरवत नाही. का उभे आहात, असे विचारतो आणि त्यांचे उत्तर ऐकून घेतो. मजुरी देतो ती पूर्ण दिवसाची, कारण घरी चूल तर पूर्णच पेटायची असते. आणखी एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. पहाटेपासून राबलेले लोक कुरकुर करतात तेव्हा धनी त्यांच्यातल्या एकाला मित्र म्हणून हाक मारतो आणि उत्तर देतो. ते उत्तर त्याला पटले की नाही, हे शास्त्र सांगत नाही. पण कुरकुर ऐकायला समोर माणूस होता!

आजचा मुकादम मोबाइलमध्ये बसतो. कुणाला कोणती ऑर्डर द्यायची, किती पैसे द्यायचे, हे संगणकाचे गणित ठरवते. रेटिंग घसरले किंवा एखादी तक्रार आली, की आयडी बंद होऊ शकतो. मग विचारायचे कुणाला? आजोबांच्या काळातला मिलचा मुकादम कडक असेल, पण त्याच्याशी भांडता तरी येत होते. कष्ट पूर्वीही होतेच. मला जास्त खुपते ते हे उत्तर न मिळणे.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात असे सुमारे ७७ लाख कामगार होते, आणि २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील असा अंदाज आहे. २०२५ च्या नाताळच्या दिवशीच अनेक शहरांत डिलिव्हरी कामगारांनी संप केला. दहा मिनिटांत डिलिव्हरीची सक्ती आणि आयडी बंद करणे, याविरुद्ध तो होता. त्याच वर्षी मे महिन्यात नव्या पोपमहाशयांनी लिओ हे नाव घेतले. तेराव्या लिओंनी १८९१ मध्ये 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक लिहून गिरणी-कारखान्यांच्या काळातल्या मजुरांची बाजू मांडली होती. आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे तसाच प्रश्न पुन्हा उभा आहे, असे चौदाव्या लिओंनी स्वतः सांगितले.

सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के वाटा या कामगारांच्या निधीत द्यायचा आहे. चांगलेच आहे, पण ताटकळण्याच्या वेळेचे काय, हे तीत नाही. कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्यात मात्र काम बंद करण्यापूर्वी लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस देण्याची तरतूद आहे. गुजरातच्या मुलांसाठीही आपण तेवढे तरी मागायला हवे. ख्रिस्ती माणसाने राजकारणात पडू नये, असे काही वडीलधारे म्हणतील. मजुरी अडवून धरणाऱ्यांना याकोबाने आपल्या पत्रात काय सुनावले आहे, ते त्यांनी पाचव्या अध्यायात पाहावे.

तोवर हातातले काम करू या. रविवारी मिस्सानंतर युवक मंडळाने हॉलमध्ये एक टेबल मांडावे आणि ई-श्रम पोर्टलवर या मुलांची नोंदणी करून द्यावी. येताना आधार कार्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल आणायला सांगा. आणि आवारातले पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह त्यांच्यासाठी दुपारीही उघडे ठेवता येईल का, हे पॅरिश कौन्सिलच्या पुढच्या बैठकीत मी विचारणार आहे.