खेळातले विष

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. टेबलाभोवती मंडळी बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र होतो. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. एक जण गोष्ट पुढे नेतो आणि वार लागला की हुकला हे फासे ठरवतात.

या खेळातला एक नियम मला पटत नाही. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘पॅलाडिन’ने, म्हणजे धर्मयोद्ध्याने, खोटे बोलू नये, फसवू नये आणि विष वापरू नये असे सांगितले आहे. २००३ सालच्या ‘बुक ऑफ एक्झॉल्टेड डीड्स’ या पुस्तकाने त्याचे कारणही दिले : विषाने शत्रूला नाहक यातना होतात, म्हणून ते दुष्कृत्य.

आता गंमत पाहा. याच खेळातला मांत्रिक आगीचा गोळा फेकून खोलीभर शत्रू जिवंत जाळतो. त्याला कुणी दुष्ट म्हणत नाही. जळून मरणे काय सुखाचे असते? शिवाय त्याच पुस्तकात सज्जनांच्या वापरासाठी, केवळ दुष्टांनाच बाधणारी विषासारखी द्रव्ये दिली आहेत! यातना चालतात, नाव तेवढे बदलायचे.

खरे कारण मला निराळे दिसते. चिलखत घालून समोर उभा राहील तोच शूर, ही कल्पना युरोपातल्या सरदारांची. २०१४ च्या आवृत्तीत पूर्ण पोलादी चिलखताची किंमत १५०० मोहरा आहे. ज्याच्या अंगावर ते आहे त्याला समोरासमोरचे युद्धच न्याय्य वाटणार! उघड्या अंगाच्या माणसाने काय करावे?

मग विष सरसकट माफ करावे काय? तसेही नव्हे. पात्याला विष लावणारा निदान शत्रू म्हणून समोर असतो. त्याच्यापुढे ढाल धरता येते. ताटात विष कालवणारा आधी विश्वासाचा गळा घोटतो. आणि विहिरीत टाकणाऱ्याला शिपाई काय नि पाणी भरायला आलेले पोर काय, दोन्ही सारखेच. १९०७ च्या हेग कराराने युद्धात विष व विषारी शस्त्रे दोन्ही वर्ज्य केली, हे खरे. पण तोफा त्याने वर्ज्य केल्या नाहीत, हेही खरेच.

तेव्हा दुबळ्या चोराने राक्षसापुढे जाताना सुरीला विष फासले, तर धर्मयोद्ध्याने खुशाल दुसरीकडे पाहावे. तो गावच्या विहिरीकडे वळला, तर मात्र त्याचा हात धरावा.