जग हललं म्हणून कोयना हलते?

फेब्रुवारी २०२३मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला आणि 'आता भारताचा नंबर' अशी भाकितं फोनाफोनी फिरली. अशा वेळी कोयनेत जरा खुट्ट झालं, की 'बघा, साखळी सुरू झाली!' म्हणणारे भेटतातच.

जगात ६ किंवा त्याहून जास्त तीव्रतेचे भूकंप वर्षाला साधारण सव्वाशे ते दीडशे होतात. ते निव्वळ यदृच्छेनं होतात असं धरलं, तरी कुठल्याही आठवड्यात एखादा सापडण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त आहे. कोयनेच्या धक्क्याला जोडीदार मिळणारच.

मीही या मोहात पडलोय. भूकंपांची यादी उतरवून घेतली आणि भारतातल्या आणि जगातल्या धक्क्यांचा संबंध शोधणारा प्रोग्राम लिहिला. तीन दिवसांचं अंतर धरलं, काही नाही. सात, काही नाही. सतराव्या दिवशी आलेख उसळला! पण पाच टक्क्यांच्या कसोटीवर वीस अंतरं तपासली, तर सरासरी एक योगायोगानंच पास होतं. शिवाय एका मोठ्या भूकंपानंतरचे सगळे धक्के मी स्वतंत्र साक्षीदार म्हणून मोजले होते.

दूरवर परिणाम होतच नाही, असं नाही. १९९२च्या कॅलिफोर्नियातल्या लँडर्स भूकंपानंतर पार यलोस्टोनपर्यंत लहान धक्के वाढले. पण सुमात्रा, चिली, जपान असे महाभूकंप २००४ ते २०११मध्ये लागोपाठ झाले, तेव्हा शिअरर आणि स्टार्क यांनी १९००पासूनच्या नोंदी पश्चात्कंप वगळून तपासल्या. योगायोगापेक्षा वेगळं काही दिसलं नाही.

वाद नुसता आकड्यांचा असता तर सोडून दिला असता. पण कोयनेतल्या धक्क्यांचं नातं तुर्कस्तानाशी नाही, धरणात साठणाऱ्या पाण्याशी आहे. १९९३चा किल्लारीचा भूकंप ६.२ तीव्रतेचा होता. जगाच्या हिशेबात मध्यमच. तरी जवळपास दहा हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली. 'सगळी पृथ्वीच खवळलीय' म्हटलं, की त्या भिंतींची चौकशी करायची गरज उरत नाही. मला राग या पळवाटेचा आहे. पुढचं भाकीत आलं, की एकच विचारा: आपली इमारत भूकंपाचा विचार करून बांधलीय, हे दाखवणारा कागद सोसायटीकडे आहे का?