'शंभराव्या एपिसोडनंतर मजा येते' म्हणणाऱ्यांनो...

परवा ऑफिसात जेवायच्या टेबलावर टीममधल्या एका नवीन मुलीने विचारलं, "मला अ‍ॅनिमे बघायला सुरुवात करायचीये, काय बघू?"

झालं! पाच मिनिटांत तिच्या मोबाईलवर अकरा नावं जमा. डेथ नोट, अ‍ॅटॅक ऑन टायटन, नारुतो, वन पीस, इव्हँजेलियन, ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज... एकाने तर कुठल्या क्रमाने बघायचं त्याचा तक्ता पाठवला. चौघे सुचवत होते. चौघांपैकी एकानेही "तुला एरवी काय बघायला आवडतं गं?" असा साधा प्रश्न विचारला नाही. ती बिचारी हसून "थँक्स हं" म्हणाली आणि डबा धुवायला गेली. ती यातलं एकही नाव बघणार नाही यावर मी पैज लावायला तयार आहे.

मी पाचवा. गप्प बसून भेंडीची भाजी संपवत होतो. का, ते पुढे सांगतो.

आधी वन पीसवाल्यांकडे वळू. मंडळी, जरा हिशोब करा. ऑक्टोबर १९९९ मध्ये सुरू झालेली ही मालिका ११०० भागांच्या पुढे गेली आहे. एक भाग साधारण २४ मिनिटांचा धरा. म्हणजे ४४० तास. आठवड्याला ४५ तास काम धरलं तर जवळजवळ दहा आठवड्यांची पूर्ण वेळ नोकरी! आणि वर आपण काय सांगतो? "सुरुवातीचं सहन कर रे, शंभराव्या एपिसोडनंतर खरी मजा येते." क्लायंटला कधी असं सांगून बघा. 'पहिली चाळीस तास सिस्टीम चालणार नाही, पण नंतर काय पळते म्हणून सांगू!' कोण घेईल? नारुतोचंही तेच. पहिल्या मालिकेचे २२० भाग, शिप्पुडेनचे ५००, आणि त्यात मूळ कॉमिकमध्ये नसलेली भरताड इतकी, की कुठले भाग गाळायचे याच्या याद्या लोकांनी करून ठेवल्यात. मी दोन्ही बघितल्यात, मनापासून आवडल्यात. पण मी तेव्हा शाळेत होतो आणि मला दुसरा उद्योग नव्हता. अठ्ठावीस वर्षांच्या, हिंजवडीहून घरी यायलाच दीड तास घालवणाऱ्या माणसाला हे पहिलं पान म्हणून वाढणं म्हणजे जेवायला बोलावून आधी गहू निवडायला बसवणं.

दुसरी जमात इव्हँजेलियनवाल्यांची. हिदेआकी आन्नोची १९९५-९६ ची मालिका, भाग फक्त २६, त्यामुळे वेळेची तक्रार नाही. पण तिची गंमत कळायला त्याआधीच्या राक्षसी रोबोंच्या मालिका थोड्या तरी माहीत हव्यात, कारण ती त्यांच्याशीच भांडते आहे. शेवटचे दोन भाग तर बहुतांश पात्रांच्या डोक्यातच घडतात. मी हे इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला माझ्या रूममेटला दाखवलं. शेवटचा भाग संपल्यावर तो दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे बजेट संपलं होतं का?" त्यानंतर त्याने आजतागायत एकही जपानी अ‍ॅनिमेशनपट बघितलेला नाही. चूक त्याची नाही.

आता माझी चूक सांगतो.

माझे बाबा भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते, चौतीस वर्षं. लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग, हातात मायक्रोमीटर. आमच्या दोघांत बोलण्यासारखं फार काही नसतं. मी काय काम करतो ते त्यांना कळत नाही, आणि त्यांचं काम मी कधी नीट विचारलं नाही. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "एवढा घोडा झालास, अजून कार्टून बघतोस?" ते ऐकून माझं डोकं फिरायचं. खरं तर उत्तर सोपं होतं. दूरदर्शनवर रविवारी मोगली लागायचं ते 'कार्टून' जपान्यांचंच, निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९ मध्ये काढलेलं. हिंदीत शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा, आणि तो ऐकायला बाबा स्वतः बसायचे हे मला आईने सांगितलंय. युगो साको आणि आपले राम मोहन यांचं रामायणही तसंच, भारत-जपानने मिळून केलेलं. २०२५ च्या जानेवारीत ते पुन्हा थेटरात लागलं तेव्हा लोक सहकुटुंब गेले. पण मला सोपं उत्तर नको होतं. मला जिंकायचं होतं.

२०२४ च्या सप्टेंबरात ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज नेटफ्लिक्सवर आला. त्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, मी बाबांना हॉलमध्ये बसवलं आणि तो लावला. म्हटलं, आता बघू कार्टून कसं म्हणतात ते!

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इसाओ ताकाहाताचा १९८८ चा चित्रपट, अकियुकी नोसाकाच्या कथेवरून. १९४५ चं कोबे शहर, अमेरिकन बॉम्बहल्ले, आई गेलेली, चौदा वर्षांचा सेइता आणि त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको. मुलगा मरताना पहिल्याच दृश्यात दिसतो, त्यामुळे पुढे काय होणार हे माहीत असूनही बघत राहावं लागतं. बाबा तासभर एक शब्दही बोलले नाहीत. मी मनात खूष. मग तो प्रसंग आला. सेइता बहिणीला डॉक्टरकडे नेतो. तिला जुलाब होतायत, अंगावर पुरळ आहे. डॉक्टर म्हणतो अशक्तपणा आहे, पोषण हवं, आणि औषधही न देता वाटेला लावतो. बाबा उठले आणि गॅलरीत गेले. परत आलेच नाहीत. मी पिक्चर थांबवून बाहेर गेलो तर ते समोरच्या सोसायटीचे आकाशकंदील बघत उभे होते. मला म्हणाले, "जा तू, बघ."

बाबांना एक धाकटी बहीण होती. चिपळूणजवळच्या आमच्या गावी, पावसाळ्यात, जुलाबांनी गेली. पाच वर्षांची. बाबा अकरा वर्षांचे. तिला पाठीवर घेऊन ते दवाखान्यापर्यंत चालत गेले होते. हे मला माहीत होतं! आजीने लहानपणी दोनदा तरी सांगितलं होतं. पण मी पिक्चर निवडताना बाबांचा विचार केलाच नव्हता. मी माझ्या वादाचा विचार करत होतो.

म्हणून आता कोणी "नवीन माणसाला पहिल्यांदा फायरफ्लाइज दाखवायचा, म्हणजे कार्टून म्हणायची हिंमत होत नाही" असं म्हटलं की माझी सटकते. माझा एक मित्र यावर हट्टाने भांडतो. त्याचं म्हणणं, पहिला धक्का जोरदारच हवा, मला तो बघूनच या माध्यमाची ताकद कळली. बरोबर आहे, कळली असेल. पण तू तो एकटा, रात्री, स्वतःच्या मर्जीने बघितलास ना? तुला कोणी सोफ्यावर बसवून बाजूने तुझा चेहरा न्याहाळत नव्हतं. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. १६ एप्रिल १९८८ ला हा चित्रपट जपानमध्ये लागला तेव्हा त्याच तिकिटावर मियाझाकीचा टोटोरो होता. एकावर एक. काढणाऱ्यांनीसुद्धा तो प्रेक्षकांना नुसता, एकटा वाढला नव्हता.

तिसरी जमात भाषाशुद्धीवाल्यांची. "डब? शी! जपानीतच बघायचं, सबटायटलवर." अरे, ज्याला सबटायटल वाचायची सवय नाही त्याचं अर्धं लक्ष खालच्या ओळीत जातं, आणि चित्र ज्याच्यासाठी काढलंय ते राहूनच जातं. हिंदीत मिळत असेल तर हिंदीत बघू द्या, नंतर वाटलं तर येईल तो जपानीकडे. आपण सगळे शिनचॅन आणि डोरेमॉन हिंदीतच बघून मोठे झालो की नाही? तेव्हा कुठे गेली होती शुद्धता? २०२५ च्या सप्टेंबरात डीमन स्लेयरचा नवीन पिक्चर हिंदीतही लागला, तर तोंडं वाकडी करणारे तिथेही होतेच. हेच लोक २०१९ मध्ये शिन्काईचा वेदरिंग विथ यू भारतात लागावा म्हणून सह्या गोळा करत होते (सही मीही केली होती). लागला तेव्हा नाचलो. आता इतरही लोक येताहेत, तर दारात उभं राहून ओळखपत्र मागायचं!

मग सुचवायचं काय? माणूस बघून. ऐकायला फालतू वाटेल पण करतं कोणी? रात्री जागून रहस्यकथा वाचणाऱ्याला सांगा मॉन्स्टर. डॉ. तेन्मा नावाचा जपानी न्यूरोसर्जन ड्युसेलडॉर्फमध्ये एका मुलाला वाचवतो आणि तोच मुलगा पुढे खुनी निघतो. भाग ७४ आहेत हे आधीच सांगा, लपवू नका. कोकणातल्या राखणदाराच्या, चकव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्याला मुशिशी. २६ भाग, प्रत्येक गोष्ट वेगळी, कुठूनही उचला, झोपायच्या आधी एक बघा. मनमोहन देसाईंच्या योगायोगांवर प्रेम करणाऱ्याला सातोशी कोनचा टोकियो गॉडफादर्स. ख्रिसमसच्या रात्री तीन बेघर लोकांना कचऱ्यात बाळ सापडतं आणि पुढे जे योगायोग होतात, देसाईसाहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या. पण त्याच कोनचा परफेक्ट ब्लू मात्र घरच्यांसमोर लावू नका. हे सांगणंही सुचवणाऱ्याचंच काम आहे. आमच्या एका सहकाऱ्याने कुठलीशी मालिका सासूबाईंसोबत हॉलमध्ये लावली होती, पुढचं मी लिहीत नाही :)

शक्यतो पहिल्यांदा पिक्चर द्या, मालिका नको. दोन तासांत संपतो, नाही आवडला तर दोनच तास गेले.

बाबांचं पुढे काय झालं ते राहिलंच. या वर्षी एका शनिवारी रात्री मी एकटाच मियाझाकीचा द विंड राइजेस बघत होतो. २०१३ चा. झीरो विमानाचा डिझायनर जिरो होरिकोशी, त्याच्यावर बेतलेला. बाबा पाणी प्यायला उठले होते. पडद्यावर जिरो खानावळीत मासा खाता खाता काटा उचलून त्याचा बाक निरखत होता.

"कुठला मासा तो?"

"मॅकरेल म्हणतायत."

"म्हणजे बांगडाच." आणि तांब्या हातात घेऊन तिथेच उभे राहिले. मग सोफ्याच्या हातावर टेकले. मग बसले. सबटायटल मी वाचून दाखवत होतो. नवीन विमान चाचणीसाठी बैल जुंपून मैदानावर नेतात ते बघून म्हणाले, "आमच्याकडे पहिलं मशीन हातगाडीवरून आणलं होतं." पुढे जिरो आपल्या पोरांना रिव्हेटची डोकी पत्र्याच्या बरोबरीने सपाट का हवीत ते समजावतो. तिथे बाबांनी मला थांबवायला लावलं आणि काउंटरसंक कसं करतात, डोकं केसभर वर राहिलं तर काय होतं, हे वीस मिनिटं सांगितलं. रात्रीचा एक वाजला होता. बोटाने टीपॉयवर भोकाची आकृती काढून दाखवत होते. चौतीस वर्षांत त्यांनी काय केलं ते मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं.

त्या विमानांनी पुढे युद्धात काय केलं यावरून मियाझाकीवर टीका झाली आणि ती अगदीच चुकीची नाही. बाबाही म्हणालेच, "एवढं सुंदर बनवलं आणि एकही परत आलं नाही म्हणतो तो." पण ते म्हणाले पिक्चर शेवटपर्यंत बघून.

त्या नवीन मुलीला मी काल कॉफी घेताना विचारलं, तुला एरवी काय आवडतं. म्हणाली, खाण्याचे व्हिडिओ आणि जुने हृषीकेश मुखर्जी. तिला किकीज डिलिव्हरी सर्व्हिस दिलाय. बेकरी आहे त्यात, आणि नवीन शहरात एकटी राहायला आलेली, अचानक काम जमेनासं झालेली एक मुलगी. ती नांदेडहून आलीये, सहा महिने झाले पुण्यात. सोमवारी कळेल.

आणि बाबांसाठी या शनिवारी पोर्को रोसो काढून ठेवलाय. त्यात मिलानमधला एक अख्खा वर्कशॉप आहे आणि विमान बांधणाऱ्या सगळ्या बायका आहेत. आई पोस्टर बघून म्हणाली, "डुकराचा कसला पिक्चर बघताय बापलेक?" बाबा म्हणाले, "तूपण बस."